घोडीच्या पदरी

जामनेरात घोड्यांच्या जिवावर सर्वांत सुखाने जगणारा माणूस म्हणजे फोटो-फ्रेमवाला. त्याच्याकडे सात पांढरे घोडे आहेत. लाटा उडवत, आयाळी फडफडवत ते अंगावर धावून येतात, मागे सूर्य उगवत असतो आणि पुढे काच असते. सराफाच्या पेढीवर जा, कृषी केंद्रात जा, नाहीतर दाताच्या डॉक्टरकडे जा. गल्ल्यामागच्या भिंतीवर सात घोडे हजर. त्यांची तोंडं घराच्या आतल्या बाजूला असावीत, दाराकडे असू नयेत, नाहीतर आलेली लक्ष्मी त्यांच्याच पाठीवर बसून निघून जाते, एवढा एकच नियम. बाकी खर्च शून्य. दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्याने एकदा पुसलं की सातही घोडे वर्षभर धावायला मोकळे.

घोडीवाल्या काकांकडे एकच घोडी आहे, आणि ती खरी आहे. सगळं घोडं अडतं ते तिथेच.

तिचं नाव बिजली. रंगाने नुकरी, म्हणजे कातडीसकट गोरी. उन्हात नाकपुड्या गुलाबी दिसतात. जामनेर, नेरी, पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर एवढ्या टापूत ज्या कुणाच्या लग्नाच्या अल्बमात नवरदेव घोडीवर आहे, त्याच्या बुडाखाली बहुधा बिजली असते, नाहीतर बिजलीची आई. काकांचं खरं नाव मतदार यादीत असेलच, पण गावाला त्याची कधी गरज पडलेली नाही. लहान पोरं तर काकांना रस्त्यात एकटं पाहिलं की गोंधळतात आणि विचारतात, घोडी कुठंय?

घोडीचा धंदा म्हणजे पंचांगाचा धंदा. तुळशीचं लग्न लागलं की बिजलीचा हंगाम उघडतो. पौषात जरा थंडावा, माघ-फाल्गुनात पुन्हा जोर, वैशाखात तर एका दिवसाला दोन-दोन वराती. आषाढी एकादशीला देव झोपले की बिजली बेकार. यात मध्येच गुरूचा नाहीतर शुक्राचा अस्त आला की मुहूर्त बंद. शुक्र सूर्याच्या आड गेला म्हणून जामनेरातल्या एका घोडीचा हरभरा कमी होतो, हे खगोलशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही, पण काकांच्या वहीत सापडतं. 2026 सालच्या पंचांगात ऐन लग्नसराईत ज्येष्ठ अधिक आलेला पाहून त्यांनी तो अख्खा महिना लाल पेनाने असा घेरून ठेवला की मला वाटलं कुणाची तरी पुण्यतिथी आहे.

मुहूर्त नसला तरी पोट असतंच. साधारण चारशे किलोचं जनावर दिवसाला आठ-दहा किलो चारा-दाणा आणि दोन-तीन बादल्या पाणी सहज संपवतं. त्यात घोड्याचं पोट लहान, त्यामुळे एकदाच गव्हाणीत भरपूर टाकून आपण गावाला गेलो असं चालत नाही. थोडं थोडं, वारंवार द्यावं लागतं. शिवाय घोड्याला ओकारी काढता येत नाही. निसर्गाने ती सोयच ठेवलेली नाही. खाल्लेलं बाधलं तर पोटशूळ उठतो आणि घोडा जमिनीवर लोळायला लागतो. काकांनी त्यामुळे स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात जेवण अर्धं टाकून घर गाठलेलं आहे. का, तर शेजारच्या पोराने फोन करून सांगितलं की बिजलीने सकाळपासून लीद टाकलेली नाही. व्याह्यांना काय कारण सांगितलं असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

‘एवढा खर्च करून काका उरतं काय?’ असं एकदा विचारलं तर म्हणाले, ‘भो, मानूस उपाशी राहीन तं बोलीन. घोडी कोनाले सांगीन?’ हिशोबाच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे, हे मलाही कळतं. पण त्यापुढे हिशोब विचारायची हिंमत झाली नाही.

त्यांचा दिवस पहाटे खराऱ्याने सुरू होतो. आधी लोखंडी खरारा मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गोल गोल फिरवायचा, की केसांच्या मुळातली धूळ वर येते. मग ब्रशने केसांच्या वळणाने ती झाडायची. मग हाताच्या पंजाने पाठ अशी निपटायची की मागे तुकतुकी राहिली पाहिजे. पोटाखालून जाताना बिजली कातडी थरथरवते आणि कान मागे पाडते. काका तिला ‘हां, हां, झालं बाई, झालं’ म्हणतात. त्यानंतर एकेक पाय उचलून गुडघ्यांत धरायचा आणि खुरात रुतलेले खडे आकड्याने काढायचे. हे चाललेलं असताना बिजली निवांत तीन पायांवर उभी असते आणि काका दुमडून तिच्यासमोर वाकलेले असतात. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाने या दोघांतला मालक कोण हे ओळखायचं ठरवलं, तर तो चुकणार.

वरातीत तर नवरदेव हा निव्वळ माल. त्याने जन्मात बुलेटखेरीज कशावर टांग टाकलेली नसते, त्यामुळे वर चढल्या चढल्या तो ब्रेक शोधतो. बाशिंग डोळ्यांवर आलेलं, एका हातात कट्यार, पुढ्यात मोठ्याने रडणारा भाचा, समोर डीजे आणि मागून मित्रांचा आरडाओरडा, ‘टाच मार, टाच मार!’ बिजलीच्या कानांत काकांनी आधीच कापूस कोंबलेला असतो. ते लगाम आखूड धरतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, ‘नवरदेव, तुमी फक्त बसा. मारुतीचा पार तिले पाठ आहे.’

असं सगळं सुखाने चाललेलं असताना माझा भाचा इंजिनिअरिंग संपवून पुण्याहून घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, ‘मामा, मला घोड्यांत करिअर करायचंय.’

ताईने कप खाली ठेवला. ‘घोड्यांत करिअर? हा गाढवपणा आहे,’ एवढं बोलून ती आत गेली आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. भाचा लहानपणापासून घोडे काढायचा. वह्यांच्या मागच्या पानावर घोडे, भिंतीवर घोडे, भूमितीच्या पेपरात काटकोन त्रिकोणाला शेपूट. पुढे कॅमेरा आला तेव्हा घोड्यांचे फोटो. आम्ही त्याला छंद समजत होतो. घरातल्या मामाने अशा वेळी समजूत काढायची असते. मी चौकशी करत बसलो.

चौकशीत पहिला नंबर जॉकीचा. पुण्यात रेसकोर्सवाल्यांची जॉकी घडवणारी शाळा आहे. पण तिथे पोरं कोवळी आणि हलक्या अंगाची लागतात. भाचा तेविशीतला आणि पंच्याऐंशी किलोचा. वर्षभर शेवभाजी आणि हिवाळाभर भरीत-कळण्याची भाकरी खाऊन वाढलेलं ते अंग; त्याला पाठीवर घेऊन घोडा पहिला आला असता तर चौकशी बसली असती. दुसरा नंबर जयपूरच्या 61 कॅव्हलरीचा. तिथे आधी सैन्यात भरती व्हावं लागतं, घोडा नंतर. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडेवाल्यांचं बरं चालतं असं ऐकलं होतं, तर तिथेही आता ई-रिक्षा फिरू लागल्या आहेत.

मग भाच्याने मला 2023 सालच्या हांगझोऊच्या आशियाई खेळांचा व्हिडिओ दाखवला. ड्रेसाज नावाच्या प्रकारात भारताच्या चौघांनी सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीत आपल्याला सोनं मिळालं ते 41 वर्षांनी. चौघांत एक मुंबईचा हृदय छेडा, एक इंदूरची सुदीप्ती हजेला. इंदूर म्हणजे आमच्या खानदेशाला आतेघरासारखं, त्यामुळे भाच्याला फारच हुरूप आला. घोडा तिरका चालतो, जागच्या जागी पावलं टाकतो, आणि वर बसलेला माणूस काहीच करत नाही असं दिसतं. तसं दिसावं यासाठी ही मुलं वर्षानुवर्षं घरदार सोडून युरोपात राहिली होती. घोडे, प्रशिक्षक, स्पर्धा सगळं तिकडे. त्यामुळे माणसांनी बिऱ्हाड हलवायचं. व्हिडिओ काका पण बघत होते. त्यांना सोन्याचं काही विशेष वाटलं नाही. ‘बरोबर हाये,’ म्हणाले, ‘घोडा तुमच्या घरी राहायले येत नाही भो. आपुन त्याच्या घरी राहायले जातो.’

दत्तजयंतीला काका आम्हाला सारंगखेड्याला घेऊन गेले. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं देऊळ आणि भोवती घोडेबाजार. आज हे गाव नंदुरबार जिल्ह्यात असलं तरी 1906 पर्यंत अख्खा खानदेश एकच जिल्हा होता, आणि काकांच्या लेखी तो अजून एकच आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे आलेले. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकांशी एकमेकांना टेकतात. शेकडो घोड्यांचे कान एका रांगेत पाहिले की सगळे आपल्याबद्दल काही तरी कुजबुजत आहेत असं वाटायला लागतं.

गावात खाली मान घालून चालणारे काका इथे निराळेच झाले. एकेका घोड्यापुढे थांबून ते आधी नुसते उभे राहायचे. मग ओठ वर करून दात बघायचे, म्हणजे वय कळतं. मग हाताच्या पालथ्या बोटांनी कंठ चाचपायचे. गळ्याखाली योग्य जागी केसांचा भोवरा असला तर तो देवमण, घरात सुख. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला तर पंचकल्याणी, मग किंमत विचारायचं कामच नाही. पण अंगावर नको त्या ठिकाणी भोवरा निघाला तर ती गोम. दिसायला घोडा राजबिंडा असला तरी गिऱ्हाईक काढता पाय घेतं. व्यापारी देवमण बोट ठेवून दाखवतो आणि गोमेवर झूल टाकतो. काका झुलीचं टोक उचलून बघतात. स्थळं बघायला गेलेली आमची माणसं याच्या निम्मी चौकशी करत असती तर बरीच लग्नं टळली असती, आणि बिजलीचं उत्पन्नही घटलं असतं.

दुपारी नाचाची स्पर्धा झाली. मैदानात एक खाट ठेवली होती, साधी चार पायांची. ढोल वाजायला लागले, तशी एक काळी घोडी पुढचे पाय खाटेवर ठेवून चढली, मग मागचे, आणि तेवढ्या जागेत चारही खुरं तालावर उचलत नाचायला लागली. गळ्यातली घुंगरं, पाठीवर आरशांची झूल, आणि खाली खाटेचा करकर आवाज. तिचा शिकवणारा खाटेशेजारी उभा राहून तोंडाने काही तरी पुटपुटत स्वतःही पाय उचलत होता. त्याला बहुधा त्याचं भानही नव्हतं. भाच्याने घोडी सोडून त्या माणसाच्या पायांचेच फोटो काढले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पोराला काही तरी दिसतंय.

बाजारात कोटीच्या घरातल्या घोड्यांच्या बातम्या पेपरात येतात. ते घोडे बहुधा विकायचे नसतात, मिरवायचे असतात. उलट, ज्यांच्या पाठीवर मराठे 1758 मध्ये अटकेपर्यंत जाऊन आले त्या भीमेकाठच्या ठेंगण्या, काटक भीमथडी तट्टांना स्वतंत्र देशी वंश म्हणून मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे. सरकारी दाखला मिळायला वेळ लागतोच. पण तोवर दाखला द्यायला घोडे तरी किती उरतात? 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, 2019 मध्ये साडेतीन लाखांच्याही आत आले. जामनेरच्या फ्रेमवाल्याची गणना यात धरली असती तर आकडा वाढलेला दिसला असता.

परत आल्यावर भाच्याने ठरवलं की नोकरी राहू दे, आपण चित्रकार व्हायचं, नुसते घोडे काढायचे. याला आधार म्हणून त्याने चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेबांचं नाव काढलं. पंढरपुरात 1915 साली जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून दिवस काढलेला माणूस घोडे काढून कुठल्या कुठे गेला, हे खरंच. ताईने याबद्दल एवढंच लक्षात ठेवलं की ते अनवाणी फिरायचे. कवी मुक्तिबोधांच्या अंत्ययात्रेपासून, म्हणजे 1964 पासून, त्यांनी चपला सोडल्या असं सांगतात. ‘घोड्याला नाल आणि माणसाला चप्पल नाही, ही तुझी कला,’ असं म्हणून ताईने त्याच दिवशी भाच्यासाठी दोन जोड बूट आणले.

चित्रातले घोडे बघायचे तर आम्हाला लांब जायला नको. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालेसारख्या वळणावर आहेत आणि तीच वाघूर पुढे आमच्या तालुक्यातून वाहते. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवलेली आहे. सिंहल आणि त्याच्या सोबतचे व्यापारी गलबत फुटून राक्षसिणींच्या बेटावर अडकतात. एक पांढरा दिव्य घोडा येऊन म्हणतो, पाठीवर बसा, समुद्रापार नेतो, फक्त मागे वळून बघायचं नाही. बाकीचे बघतात आणि जातात कामातून, सिंहल तेवढा पोचतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या चित्रातही अटी घालतो तो घोडाच. भाचा तिथे खूप वेळ मान वर करून उभा होता. मी काकांना कथा समजावून सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, ‘मंग पल्ल्याड उतरल्यावर त्याले पानी कोनी पाजलं?’ चित्रात ते कुठे दाखवलेलं नाही. मी तरी शोधून आलो.

मूर्तिकारांचंही काही वेगळं नाही. सासवण्याच्या करमरकरांनी पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा केला, 1928 साली तो उभा राहिला. त्या पुतळ्याचं ओतकाम करायला जहाजं बांधणाऱ्या माझगाव डॉकमध्ये जावं लागलं. घोडा म्हटला की माणसाची नेहमीची जागा पुरत नाही. मुंबईत काळ्या घोड्यावरच्या इंग्रज राजाचा पुतळा 1965 मध्ये घोड्यासकट भायखळ्याला हलवला, तरी त्या जागेचं नाव घोड्याचंच राहिलं. 2017 मध्ये श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा तिथे बसवला तेव्हा स्वार नावाची भानगड कुणी ठेवलीच नाही. पण रिकाम्या पाठीचा खरा मान बघायचा तर आषाढी वारीत. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व पायी आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, आणि दुसऱ्यावर कुणीच नाही, तो माउलींचा. रिंगणात तो रिकामा अश्व दौडत निघून गेला की हजारो माणसं वाकतात आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. काका दर वर्षी टीव्हीवर रिंगण बघतात. डोळे पुसतात आणि म्हणतात, मागचा डावा पाय जरा बघून घ्यायला पायजे.

आमच्या गावाला लोखंडी घोडाही होता. पाचोरा-जामनेर अरुंद रुळांची गाडी, सगळे तिला पीजे म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली, छप्पन किलोमीटर रमत-गमत जायची, आणि 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता रूळ रुंद होणार आहेत. तिच्या ड्रायव्हरला मात्र चाऱ्यापाण्यासाठी कधी घरी पळावं लागलं नाही.

भाच्याचं घोडं शेवटी गंगेत न्हालं ते चातुर्मासात. श्रावणात बिजली रिकामी उभी, काका वहीत नुसत्या रेघा ओढत बसलेले. भाचा म्हणाला, काका, दिवाळीनंतर ज्यांची लग्नं आहेत ती पोरं-पोरी आत्ता फोटो काढून घेतात. प्री-वेडिंग. त्याला मुहूर्त लागत नाही. काकांनी दोनदा विचारलं, ‘शुक्राचा अस्त असला तरी?’ असला तरी. गुरूचा? गुरूचा पण. काकांचा विश्वास बसायला आठवडा गेला. आता पावसाळ्यात वाघूर धरणाच्या काठावर हिरवळीत बिजली उभी असते, शेजारी कुठलं तरी ठरलेलं जोडपं एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतं आणि बिजली त्या दोघांच्या मधून गवत खात असते. भाचा फोटो उत्तम काढतो. नवरीच्या ओढणीपेक्षा आयाळ स्पष्ट येते अशी एक तक्रार आहे, पण ऑर्डरी वाढल्या आहेत. पहाटेचा खरारा आता तो करतो. पंच्याऐंशीचा अठ्ठ्याहत्तर झाला आहे. ताई रोज सकाळी डब्यातून गूळ आणि चार पोळ्या पाठवते. त्या कोणासाठी हे तिने सांगितलेलं नाही आणि बिजलीने विचारलेलं नाही.

परवा भुसावळहून एका नवरदेवाचा फोन आला. त्याला सिनेमातल्यासारखा काळाभोर घोडा हवा होता, मागच्या पायांवर उभारलेला. भाचा म्हणाला, घोडी पांढरी आहे, पण काळजी करू नका, कॉम्प्युटरवर काळी करून देतो, पुढचे पायही वर घेतो. काका खाटेवर बसून लगामाला तेल लावत होते. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

‘मंग घोडी बी कॉम्प्युटरमदूनच आन ना भो,’ ते म्हणाले. ‘हिले कायले उनात उभी करतो?’

भाच्याने ऑर्डर सोडली. हरभऱ्याचा भाव तेव्हा चढाच होता.